नवनगरच्या गच्चीवरून गुरूचे चंद्र

नवनगरातल्या माझ्या गच्चीवर हिवाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी आम्ही चार-पाच जण दुर्बीण लावतो. ढग आले की बघणं राहून जातं, बोलणं राहत नाही. तीन हिवाळ्यांत आकाश थोडंच बघून झालंय. किस्से मात्र इतके साठलेत, की कुठला आधी सांगावा कळत नाही.

आमचे म्होरके इनामदार सर. धारवाडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. जन्मभर दगड फोडले, आता गुरूच्या चंद्रांमागं लागलेत.

*

पहिल्याच शनिवारी सरांनी आयो दाखवला. गुरूशेजारचा बारीक ठिपका.

"याच्यावर ज्वालामुखीच ज्वालामुखी आहेत," सर म्हणाले. "एकीकडून गुरू ओढतो, दुसरीकडून शेजारचे चंद्र. त्या ओढाताणीत आतला दगड वितळतो."

सुमक्का उणकलच्या शाळेत शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे एकीकडं सासर, दुसरीकडं माहेर. आत तापणारच की, सर."

सर बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "तीस वर्षं फळ्यावर आकृत्या काढल्या मी. फुकट गेल्या."

*

वकील अण्णांना पुरावा लागतो. गुरूच्या युरोपा या चंद्रावरच्या बर्फाखाली समुद्र आहे म्हटल्यावर त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"कुणी बघितलाय?"

"नाही."

"मग?"

"वर लांबच लांब भेगा आहेत, अण्णा. आणि जुने खड्डे बुजलेत. खालून काहीतरी हलल्याशिवाय असं होत नाही."

अण्णांनी पुढचा प्रश्न टाकला. "यान पोचायला किती वर्षं?"

सरांनी सांगितलं. अण्णांनी बोटांवर स्वतःचं वय मोजलं आणि म्हणाले, "तोवर तारीख द्या."

*

गुरूच्या चार मोठ्या चंद्रांतला शेवटचा कॅलिस्टो. त्याच्यावर काहीच घडत नाही. पूर्वी पडलेले खड्डे अजून तसेच.

"त्याला कुणी ओढत नाही?" सुमक्कांनी विचारलं.

"तो लांब आहे. बाकी तिघांच्या ओढाताणीत तो नाही."

सुमक्का एकट्याच राहतात, दोन्ही मुली परदेशात. "मग सुखी म्हणायचा," त्या म्हणाल्या. मग दुर्बिणीकडं वळत म्हणाल्या, "इर्ली बिड्री, असू दे. आज त्यालाच बघू या."

त्या दिवशी दुसरं काही बघितलं नाही.

*

गेल्या महिन्यात सरांच्या पत्नी, आमच्या वैनी, पहिल्यांदा गच्चीवर आल्या. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, तरी आल्या.

सुमक्कांनी सहज विचारलं, "सर, खरा ज्वालामुखी कधी बघितलात?"

"नाही. एकदा जमत होतं," सर म्हणाले. "नुकताच नोकरीला लागलो होतो. अंदमानकडं एका बेटावरचा ज्वालामुखी जागा झाला होता. बघायला बोट निघणार होती, माझं नाव यादीत होतं. त्याच आठवड्यात आमचं लग्न निघालं. नाव काढून घेतलं."

वैनी म्हणाल्या, "हे मला कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? तुझ्या अप्पांनी मुहूर्त काढला होता."

वैनी कठड्याला धरून उठल्या, दुर्बिणीपाशी गेल्या. "यातला कुठला तो ज्वालामुखीवाला?"

"गुरूच्या अगदी जवळचा."

वैनी वाकून बघत राहिल्या. सर म्हणाले, "ठिपकाच आहे गं. यातून जाळ दिसत नाही."

वैनींनी डोळा काढला नाही. तशाच वाकून म्हणाल्या, "ती बोट अजून जाते का हो?"