शबनम खरारा का करू देईना

दफेदार भिंतीला चिकटले होते आणि घोडी त्यांच्यावर रेलली होती.

सकाळची वेळ. चांगलं उजाडलं होतं. घोडीने लाथ मारली नव्हती. लोक अजून लाथच म्हणतात, म्हणून ते आधी लिहिते. दफेदारांनी तिच्या डाव्या बाजूला, पुढच्या पायाच्या मागे, खोगिराचा पट्टा आवळतात त्या जागी ब्रश दाबला. घोडीने सगळं अंग त्यांच्याकडे टाकलं. मागे विटांची भिंत. मध्ये माणूस.

दोर माझ्या हातात होता. मी ओढला. एवढं मोठं जनावर ओढून सरकत नाही. ओढलं की ते उलट जोर करतं. हे मला माहीत होतं, तरी हात ओढतच राहिला.

दफेदार ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आक्का, दोर ढिला सोड."

मी सोडला. घोडी बाजूला झाली. दफेदार भिंतीला पाठ घासत खाली बसले. ब्रश हातातच होता.

"मला हलवू नगंस. बरगडी गेलीया."

"बोलू नका."

"तिला मारू नगंस."

"कोण मारतंय? गप बसा म्हटलं न्हवं!"

रिक्षा, गाडी, काहीच जवळ नव्हतं. दफेदारांचं घर कोल्हापूर शहराबाहेर कळंब्याच्या अंगाला, चारी बाजूंनी ऊस. त्यांच्या बायकोने, शालन वहिनींनी, रस्त्यावर पळत जाऊन दुधाचा टेम्पो थांबवला. कॅन खाली उतरवले आणि दफेदारांना आडवं घातलं. घोडी कोपऱ्यात उभी होती. तिचं अंग थरथरत होतं.

आता मी कोण ते सांगते. माजी सैनिकांच्या अंकात माझं काय काम, असं कोणी विचारेल. मी बंदूक धरलेली नाही. माझा नवरा घोडदळाच्या एका युनिटमध्ये सवार होता. ड्यूटीवर ट्रक उलटला, त्यात गेला. त्याच्या जागी मला सईस म्हणून घेतलं, म्हणजे घोड्यांची निगा राखणारी. माझं शिक्षण चौथी. लीद उचलायला तेवढं पुरतं. त्या लाईनमध्ये बाई सईस आधी नव्हती. पहिल्या दिवशी पोरं हसली. मारुती चौगुले तेव्हा लान्स दफेदार होते, गडहिंग्लजकडचे. दफेदार म्हणजे घोडदळातला हवालदार. ते म्हणाले, "हसतोस काय रं? घोड्याला इचार, बाई हाय का बाप्या. त्याला दाण्याशी मतलब." मग मला म्हणाले, "आक्का, ही पाटी घे आन् लाग कामाला."

त्या दिवसापासून मी त्यांची आक्का झाले. वयाने मोठी होते, म्हणून.

युनिटमध्ये सकाळ ठरलेली असे. पाणी. मग मालिश परेड. मग दाणा. खराऱ्याला फौजेत मालिश म्हणतात. सगळ्या सवारांनी आपापल्या घोड्यापाशी उभं राहायचं. दफेदार ओरडायचे, "मालिश शुरू!" आधी लोखंडी खरारा, मग ब्रश, मग पिळलेल्या गवताच्या पेंडीने मानेवर आणि पुठ्ठ्यावर थापायचं. हात जड लागतो. अंगातली धूळ वर आली पाहिजे. मग साहेब येऊन पांढरा रुमाल घोड्यावरून फिरवायचे. रुमाल मळला तर सवाराची सुट्टी गेली. घोडं हललं, तर तेही सवाराच्याच माथी. मालिशला उभं न राहणारं घोडं म्हणजे हुकूम न मानणारं घोडं. आम्हाला हेच शिकवलं होतं आणि आम्ही पुढच्यांना हेच शिकवलं.

ही घोडी, शबनम, त्यांच्याच ट्रूपची, म्हणजे तुकडीची. तांबूस रंग, कपाळावर पांढरा ठिपका. मालिशला अशी उभी राहायची की डुलकी लागल्यासारखी वाटावी. खालचा ओठ लोंबायचा. घोडं म्हातारं झालं की फौजेत त्याला कास्ट करतात, म्हणजे नोकरीतून काढतात. दफेदार पेन्शनीत आले होते. शबनम कास्ट होणार हे कळल्यावर ते जाऊन तिला घेऊन आले. शालन वहिनी म्हणाल्या, "म्हशी कमी पडल्या व्हय?" ते म्हणाले, "म्हस सलामी देत न्हाय."

मी तोवर मंगळवार पेठेत लेकाकडे राहायला आले होते. घरात माझं काही काम नव्हतं. पहिल्या बसने कळंब्याला जायचं, शबनमचं बघायचं, दुपारी परत, असा माझा दिवस ठरला. सून म्हणायची, "आत्यांची ड्यूटी संपंना." मला ते बरं वाटायचं. तिला सांगितलं नाही.

दफेदारांनी गोठ्यात युनिटचीच वेळ चालू ठेवली. पाणी, मालिश, दाणा. हरभऱ्याचा आणि जवाचा भरडा. संध्याकाळी उसाचं वाडं, म्हणजे हिरवे शेंडे, घरच्या शेतातले. यंदाच्या दसऱ्याला शबनमवर बसून शहरात जायचं त्यांनी मनात धरलं होतं. "तिच्या अंगात तोंड दिसलं पायजे," म्हणायचे.

पण अंग चमकेना. केस राठ झाले. पावसाळा सरता सरता ती खराऱ्याला कान मागे करू लागली. आधी फक्त डाव्या बाजूला. मग ब्रश दिसला की. मग दफेदार गोठ्यात शिरले की. शेपूट झटकायची, गव्हाणीची फळी दातात धरायची, पोट आवळायची. दाणा अर्धा टाकायची.

आम्ही दोघांनी बघायचं ते बघितलं. गोचीड नाही. खोगिराची जखम नाही. कातडीला खपल्या नाहीत. ब्रश बदलला, मऊ आणला. खरारा उलट्या बाजूने सुरू केला. काही फरक नाही. मी म्हटलं, "डॉक्टर बोलवू या."

"आणि काय सांगू? चौगुले दफेदाराची घोडी मालिशला हुबी ऱ्हात न्हाय? हसतील मला."

"हसू द्यात की."

"तू लाड करतीस, गूळ चारतीस, म्हनून माजलीया ती."

"गूळ तुम्ही चारताय. मी बघितलंय."

ते हसले. पण डॉक्टर बोलावला नाही. अंग चमकत नाही म्हणून त्यांनी खरारा वाढवला. खरारा वाढला तशी ती जास्त चिडली. ती चिडली तसा त्यांनी हात जड केला. रागाने नाही. मारलं तर कधीच नाही. फौजेत घोडं हट्टाला पेटलं की काम पुरं केल्याशिवाय बाजूला व्हायचं नसतं. नाहीतर घोडं जिंकतं आणि उद्या तेच करतं. तसेच ते रोज काम पुरं करत होते. त्या सकाळीही तेच चाललं होतं. तिने दोनदा मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "बास, बास, शबी. झालंच." आणि ब्रश दाबला.

दवाखान्यात कळलं की बरगड्या मोडून आत प्लीहेला लागलंय. रक्त आत साचत होतं. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. ते शुद्धीवर होते. तोंड कोरडं होतं.

"आक्का, घोडीनं दाणा खाल्ला?"

"थोडा."

"एक सांग. तिकडं युनिटात कधी हालली न्हाय. माझ्यावरच का?"

"मला म्हाईत न्हाय."

"तुला सगळं म्हाईत असतंय."

"घोड्याच्या डोस्क्यातलं मला कळत असतं तर मी लीद उचलली असती व्हय?"

त्यांना हसू आलं आणि दुखलं. नर्सने मला बाहेर काढलं. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं तेच.

बाहेर बाकावर शालन वहिनी बसल्या होत्या. डोळे कोरडे. म्हणाल्या, "आक्का, मी घरी यायच्या आत ती घोडी गोठ्यातनं गेली पायजे. इका, न्हायतर मारा. मला सांगू नगा काय केलं."

मी प्रयत्न केला. लग्नाच्या वरातीला घोडी देणाऱ्याकडे गेले. त्याला बातमी आधीच पोचली होती. तो म्हणाला, "मावशे, माणूस दाबणारी घोडी मी नवरदेवाखाली घालू?" दुसऱ्याने फोनच ठेवला. कोणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. मीही घेतली नसती.

मग मी गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. इंजेक्शन देऊन घोडीला कायमचं झोपवायला बोलावलं, दुसऱ्या कशाला नाही. तरुण पोरगी. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "मावशी, आधी तपासते. न बघता मी ते देत नाही."

"बघा. पण जपून."

ती समोरून गेली नाही. खांद्यापाशी जाऊन उभी राहिली. नुसता तळहात मानेवर ठेवला आणि हळूहळू मागे नेला. शबनम उभी राहिली. पुढच्या पायामागे आल्यावर डॉक्टरांनी बोटांची टोकं दाबली. घोडीने पोट आवळलं, फळी दातात धरली. डॉक्टरांनी लगेच हात उचलला. घोडीने फळी सोडली. पुन्हा दाबलं, पुन्हा धरली. उजव्या बाजूला तेवढं नाही.

"दाणा कधी देता?"

"मालिश झाल्यावर."

"मालिशच्या आधी पोटात काय असतं?"

"पाणी."

"आणि रात्री?"

"उसाचं वाडं. दिवेलागणीला टाकतो. तासाभरात संपतं."

"तिकडे फौजेत रात्री समोर काय असायचं?"

मी गव्हाणीकडे बघत सांगितलं. तिकडे वाळलं गवत असायचं. रात्रभर. एक सईस गवत टाकायच्या कामावरच असायचा. घोडी जागी झाली की चघळायची, थांबायची, पुन्हा चघळायची. सकाळच्या मालिशलाही तोंड हलत असायचं. गवत टाकणं आमच्यासाठी हुकुमात नव्हतं. पाऊस पडतो, दिवस उगवतो, तसं गवत असायचं. आम्ही कोल्हापूरला परेडची वेळ घेऊन आलो आणि गवत तिकडेच राहिलं.

डॉक्टर म्हणाल्या, "घोड्याच्या पोटात आम्ल सारखं सुटत असतं. खाल्लं तरी, नाही खाल्लं तरी. गवत चघळत राहिलं की लाळ पोटात जाते आणि ते सौम्य होतं. रिकामं राहिलं की ते पोटालाच खातं. त्यात भरड्याने ते आणखी वाढतं. आत व्रण झाले असावेत. दुर्बीण घालून बघायची सोय इथे माझ्याकडे नाही, म्हणून 'असावेत' म्हणते. औषध देऊन बघू. पंधरवड्यात फरक दिसला तर तेच."

"म्हणजे ती माजलेली नव्हती."

"पोटात आग असताना वरून ब्रश दाबला तर तुम्ही काय कराल, मावशी?"

तिने ते इंजेक्शन पिशवीतून काढलंच नाही. म्हणाली, "घरच्यांना विचारा. ते घोडी नकोच म्हणाले तर मी परत येईन."

मी तशीच दवाखान्यात गेले. दफेदारांना त्या सकाळी श्वासाच्या मशीनवर घेतलं होतं. जंतुसंसर्ग झाला होता. डोळे मिटलेले. मी पायाशी उभी राहून आधी वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नजर मशीनच्या आकड्यांवर होती.

मग म्हणाल्या, "म्हंजे ती इतकं दिवस सांगत हुती म्हना की."

"व्हय."

"आन् हे तिला घासत हुते."

"व्हय."

मग विचारलं, "वाळलं गवत कुठं मिळतंय?"

"राधानगरीकडनं येतंय. टेम्पोवाल्याला सांगायला लागंल."

"सांगा."

मी दफेदारांच्या कानाशी वाकले. त्यांनी प्रश्न विचारला होता आणि मला उत्तर देता आलं नव्हतं. मी म्हटलं, "दफेदार, शबनम तुमच्यावर चिडली न्हवती. तिच्या पोटात दुखत हुतं. मालिशच्या आधी गवत पायजे हुतं." मशीन चालू होतं. हात गार होता. त्यांना ऐकू गेलं का, हे मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. माजी सैनिक आले. तिरंगा घातला. कोणीतरी मालिश परेडच्या गोष्टी काढल्या, साहेबांचा पांढरा रुमाल मळू नये म्हणून दफेदार आधी स्वतःचा रुमाल कसा फिरवायचे ते सांगितलं. लोक हसले. वहिनीही हसल्या.

शबनमला औषध लागू पडलं. पंधरवड्यात पूर्ण दाणा खाऊ लागली. केसाला तकाकी आली. सकाळी उठून गवत वहिनी टाकतात. तिच्याकडे बघत नाहीत, गव्हाणीकडे बघून टाकतात आणि परत फिरतात. ते खाऊन झाल्याशिवाय मी ब्रश काढत नाही. मानेपासून सुरू करते. हात हलका ठेवते. डाव्या बाजूला आले की ती अजून कान मागे करते. डॉक्टरीणबाई म्हणतात, दुखणं गेलंय, आठवण राहिलीय, तिला वेळ द्या. मी तिथे ब्रश लावत नाही. नुसता तळहात ठेवते आणि काढून घेते. दसऱ्याला ती गोठ्यातच होती.

त्या सकाळी गोठ्यात आम्ही तिघं होतो. दफेदार मारुती चौगुले गेले. घोडी जगली. मी आहे.