इस्त्रीमावशींची चुकलेली प्रार्थना

इस्त्रीमावशी देवाच्या कामात शिरल्या त्या पंख्यामुळे. चर्चमधल्या रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे उपासनेनंतर, फादरांनी विचारलं होतं, की घरोघरी जाऊन खचलेल्या माणसांना धीर द्यायला कोण तयार आहे. मावशींच्या डोक्यावरचा पंखा खडखडत होता, तो बंद करा म्हणून सांगायला त्यांनी हात वर केला. फादरांनी तिथल्या तिथे देवाचे आभार मानले. भरल्या चर्चमध्ये नाही कसं म्हणायचं, म्हणून मावशी गप्प राहिल्या, आणि प्रापंचिक मिशनरी झाल्या. म्हणजे संसार, कामधंदा सांभाळून प्रभूची आशा लोकांपर्यंत नेणारी साधी माणसं असतात ना, त्यांच्यातल्या एक.

कामधंदा म्हणजे आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान. एक लांब टेबल, त्यावर चौघडी करून अंथरलेलं जुनं ब्लँकेट, पाणी शिंपडायची बाटली, आणि मागे लॉजवरून आलेल्या चादरींचा ढीग. शर्टाची आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. हा क्रम कुणी शहाण्याने मोडला तर मावशींचं डोकं इस्त्रीच्या आधी तापायचं. हातावर कोपरापर्यंत चटक्यांचे डाग होते आणि त्यांचं त्यांना काहीच वाटत नसे.

चर्चमधून घरी भेटायला येणारी माणसं मला मुळीच आवडायची नाहीत, हे आधीच सांगते. गोड बोलतात, चहा पितात, आणि सगळं देवावर टाकून निघून जातात. पुष्कळांच्या बाबतीत माझं मत आजही तेच आहे.

मिशनरी जोडीजोडीने जातात. मावशींच्या जोडीला होते मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, पण बोलण्यातून नाही. ते सुरू झाले की आजारी माणसाला झोप लागायची. म्हणून फादर या जोडीला बहुतेक मयताच्या घरी धाडायचे. तिथे निदान कुणाला घाई नसते. मास्तर बोलायचे आणि शेवटची प्रार्थना मावशी म्हणायच्या. ती त्यांच्या तोंडात इतकी बसली होती, की इस्त्री फिरवतानासुद्धा ओठ हलायचे.

आमच्या घरी मयत नव्हतं, पण फार काही वेगळंही नव्हतं. माझे बाबा पाव बनवणारे. बेकरीतल्या कणीक मळायच्या यंत्रात त्यांचा उजवा हात गेला. जखम भरली, पण बाबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले ते बसलेच. "मला मेलेला समजा," एवढंच एकदा म्हणाले, आणि त्यानंतर बोलणं बंद. जेवण दोन घासांवर आलं. डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम संपलं, आता यांना स्वतःला जगावंसं वाटलं पाहिजे. आईने घरातल्या सगळ्या सुऱ्या गोळा करून माळ्यावर टाकल्या. भाजी ती दाताने तोडायची म्हटलं तरी चालेल, अशी आमची दशा होती.

मावशी आणि मास्तर दर बुधवारी यायला लागले. मास्तर भिंतीला व्याख्यान द्यायचे, कारण बाबांची पाठच त्यांच्याकडे असायची. मावशी रोझरीची जपमाळ ओढत प्रार्थना म्हणायच्या, बाबांच्या शेजारी चहाचा कप ठेवायच्या आणि जायच्या. कप तसाच थंड व्हायचा. बाबा हातातून चाललेत हे मला दिसत होतं, आणि या दोघांना बघून माझा संताप व्हायचा.

तो एक आठवडा मावशींना मयतामागून मयत होतं. बुधवारी आल्या तेव्हा डोळे मिटत होते. रोझरी संपली, त्या उभ्या राहिल्या, आणि गाडी आपोआप रुळावर गेली. "हे प्रभू, या तुझ्या सेवकाला चिरविश्रांती दे, आणि तुझा अखंड प्रकाश याच्यावर पडो."

आणि आम्ही, मी आणि आई, सवयीने म्हणालो, "आमेन."

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यातून काही बाहेर आलं नाही. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. आणि बाबा वळले. किती दिवसांनी त्यांचा चेहरा समोरून दिसला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"मी अजून मेलो नाही," बाबा म्हणाले.

मावशींच्या आधी लक्षातच येईना. मग आलं, तसा चेहरा पांढरा पडला. पण जीभ मुळातली तिखट, ती थांबली नाही. "मग तसं सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "इतके दिवस हूं नाही की चूं नाही. आम्ही काय समजायचं?"

बाबांच्या छातीतून कसलासा आवाज आला. मला वाटलं खोकला. ते हसत होते. हसता हसता रडायला लागले, आणि आई जमिनीवर बसून त्यांच्याबरोबर रडली. त्या दिवशी बाबा चहा प्यायले, डाव्या हाताने, अर्धा अंगावर सांडत.

पुढच्या बुधवारी बाबांनी आईकडून दाढी करून घेतली आणि दाराकडे तोंड करून बसले. मास्तर एकटेच आले. मावशींनी काम सोडलं होतं. जिला मेलेला आणि जिवंत यातला फरक कळत नाही तिने कुणाला आशा द्यायला जाऊ नये, असं त्या फादरांना सांगून आल्या होत्या. फादरांनी समजावलं, मास्तरांनी समजावलं; मास्तरांनी समजावल्यावर तर त्या जास्तच पक्क्या झाल्या.

बाबा उठले. अपघातानंतर ते पहिल्यांदा उंबरा ओलांडत होते. रिकामी बाही खिशात खोचली आणि गल्लीतून निघाले. मी मागोमाग. लोक बघत होते, बाबा कुणाकडे बघत नव्हते.

मावशी चादरीची घडी घालत होत्या. मोठ्या चादरीला खरं तर दोन माणसं लागतात. त्या एक टोक हनुवटीखाली दाबून एकट्याच झगडत होत्या. बाबांना बघून त्या चादरीआडच झाल्या. बाबा म्हणाले, "आज आला नाहीत."

"माझ्यासारखीने येऊ नये," चादरीमागून आवाज आला. "मी जिवंत माणसाला पुरलं."

"तुम्ही पुरलंत म्हणून तर मी उठलो," बाबा म्हणाले. "बाकीचे सगळे मला बरा होशील, बरा होशील म्हणत होते. ते मला खोटं वाटायचं. तुम्ही मात्र मी गेलो असंच म्हणालात, आणि मला माझाच राग आला. आता मला अर्ध्यावर सोडू नका."

बाबांनी पुढे होऊन चादरीचं एक टोक डाव्या मुठीत धरलं, दुसरं दातात. दोघांनी मिळून घडी घातली. वाकडी झाली. मावशींनी ती उलगडली आणि म्हणाल्या, "पुन्हा."

त्यानंतर बाबा रोज दुकानात जाऊ लागले. बुधवारी मात्र दुकान दुपारी बंद. हात गेलेले, पाय गेलेले, मन गेलेले, अशा माणसांकडे मावशी आणि बाबा जायचे. मास्तरांनीही बाबांच्या जोडीने थोडं ऐकायची सवय लावून घेतली. फार बोलायचं नाही, असा मावशींचा नियम होता. शेजारी बसायचं, चहा द्यायचा, गार झाला तर दुसरा द्यायचा. आणि प्रार्थनेआधी, त्या म्हणायच्या, समोरचा जिवंत आहे ना ते नीट बघून घ्यायचं. हे सांगताना त्या स्वतःच सगळ्यात आधी हसायच्या.

अशी पुष्कळ वर्षं गेली, आणि गेल्या बुधवारी मावशी गेल्या. म्हातारपणाने, झोपेत, कुणाला त्रास न देता. शेवटची प्रार्थना बाबांनी म्हणावी असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. शवपेटीजवळ उभं राहून बाबांनी सुरुवात केली, "हे प्रभू, या तुझ्या सेविकेला चिरविश्रांती दे," आणि थांबले. मान वाकवून मावशींच्या तोंडाकडे बघत राहिले. सगळं चर्च थांबलं. मला वाटलं शब्द आठवत नाहीत. मी हळूच पुढचे शब्द सांगितले, तेव्हा त्यांनी प्रार्थना पुरी केली. आम्ही आमेन म्हणालो.

घरी येताना मी विचारलं, विसरलात का?

"नाही," बाबा म्हणाले. "त्यांना संधी देत होतो."

मग पुढे चालता चालता म्हणाले, की मावशींचे उपकार फेडायचे राहिले, आणि ते फेडायचे नसतातच, पुढे द्यायचे असतात. कोपऱ्यावर दुकानाला कुलूप होतं. बाबांनी पिशवीतून मावशींची रोझरी काढली आणि माझ्या हातात ठेवली. नदीपलीकडे एक सुतार आहे, डोळे गेल्यापासून कुणाशी बोलत नाही. मास्तर आता थकले होते, आणि जोडीशिवाय जाता येत नाही, हे मला ठाऊक होतं. चहा कुणी करायचा एवढंच मी विचारलं, आणि आम्ही त्याच पावली पुलाकडे वळलो.