सात पट्टकादंब

आमच्या आप्पांना दिसत नव्हतं आणि ते कुणाला कळूही द्यायचं नव्हतं, म्हणून थंडीतल्या दर रविवारी मला कळंबा तलावावर बदकं मोजायला जावं लागायचं. सत्तरीच्या दशकातली गोष्ट. मी बावीस वर्षांची, बी.एड. झालेली, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आप्पा निवृत्त गणिताचे मास्तर. तलावावर उतरणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांची मोजणी त्यांनी वीस वर्षं एकट्याने केली होती. संक्रांतीच्या सुमाराचे आकडे ते मुंबईच्या पक्षी अभ्यासकांना पाठवायचे. तिकडून आभाराचं कार्ड आलं की मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचावंच लागायचं.

मग काचबिंदूने डोळे खाल्ले. मिरजेच्या डॉक्टरांकडून परत येताना एसटीत त्यांनी मला बजावलं, "घराबाहेर एक शब्द जाता कामा न्हाई."

तेव्हापासून आप्पा गळ्यात दुर्बीण अडकवून बांधावर उभे राहायचे आणि मी शेजारी वही घेऊन. बघणाऱ्याला वाटायचं, सर मोजतायत आणि मुलगी लिहून घेतेय. खरं तर मोजणारीही मीच आणि लिहिणारीही मीच. आप्पांचं काम एकच, खेकसायचं.

"किती?"

"चाळीस असतील."

"असतील म्हंजे? डोळे हायत का बटणं? परत मोज."

मी परत मोजायची. पहाटेच्या गारठ्यात बोटं आखडायची, तरी परत मोजायची. वीस वर्षांत एकही आकडा अंदाजाने लिहिलेला नाही, ही त्यांची घमेंड होती, आणि ती खरी होती.

त्या हिवाळ्यात मी एका पत्राची वाट बघत होते. बिद्रीकडच्या एका शाळेत मी मुलाखत देऊन आले होते. त्यांनी तोंडी हो म्हटलं होतं, नेमणुकीचं पत्र तेवढं यायचं होतं. दोन महिने झाले तरी पत्र नाही. एका रविवारी बांधावर वाऱ्याने वही फडफडली आणि शेवटचं पान उघडलं. मोठ्या, एकमेकांवर चढलेल्या अक्षरांत आप्पांनी कच्चा मजकूर लिहिला होता. 'आपण पाठविलेले नेमणुकीचे पत्र मिळाले. मुलीची प्रकृती नाजूक असल्याने तिला रुजू होता येणार नाही.'

पत्र येऊन गेलं होतं. चष्मा सापडत नाही अशी बतावणी करून त्यांनी ते शेजाऱ्यांकडून वाचून घेतलं असणार आणि परस्पर नकार कळवला. कच्चा मजकूर मात्र त्याच वहीत लिहिला, जी वाचणारी घरात फक्त मी होते, हे ते विसरले. माझी प्रकृती नाजूक! पहाटे पाचला सायकलवर त्यांना डबलसीट घेऊन येणारी मी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "गप्प का? काय दिसतंय?"

मी समोर बघितलं. चार-दोन चक्रवाक सोडले तर पाणी रिकामं होतं.

"आप्पा, पट्टकादंब."

डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला हा रानहंस आप्पांनी लहानपणी एकदाच पाहिला होता. वहीतला त्याचा रकाना वीस वर्षं कोरा होता. त्यांनी माझं मनगट पकडलं.

"किती?"

"सात."

"आवाज कसा न्हाई त्यांचा?"

"झोपलेत."

कोऱ्या रकान्यात मी सातचा आकडा लिहिला. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि रिकाम्या पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. दुर्बिणीखालून डोळ्यांतलं पाणी ओघळून मिशीत गेलं. मला बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण पोटभर जेवल्यासारखं बरं वाटलं. घरी पोचल्यावर सगळं खोटं होतं म्हणून सांगायचं आणि त्यांचं तोंड बघायचं, असा माझा बेत होता.

पण घर यायच्या आधीच त्यांनी कोपऱ्यावरच्या पानवाल्याला सांगितलं. त्याने पेठेला सांगितलं. बुधवारी गावातल्या वर्तमानपत्रात बातमी आली आणि आप्पांनी शेजारच्या मुलाकडून मुंबईला तार करवली. मी तोंडाला कुलूप लावून बसले. आधी रागाने, नंतर भीतीने.

पुढच्या रविवारी मुंबईहून तिघे आले. मोठी दुर्बीण तिकाटण्यावर ठेवून त्यांनी तलाव पालथा घातला. हंस नव्हते. त्यांच्यातल्या वयस्करांनी विचारलं, "सर, आपण स्वतः पाहिलेत ना?"

"स्वतः. याच डोळ्यांनी," आप्पा म्हणाले.

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मला वाचवायला की स्वतःचे डोळे झाकायला, ते मला आजही ठरवता येत नाही.

मग त्यांच्यातल्या तरुणाने पलीकडच्या धुण्याच्या दगडाकडे बोट केलं. "आणि ते काय बसलंय, सर?"

आप्पांना बोटही दिसलं नसणार. आवाजाच्या रोखाने त्यांनी दुर्बीण फिरवली, नुसती लावून धरली आणि शांतपणे म्हणाले, "पाणकावळा. पंख वाळवतोय."

दगडावर पालथी घातलेली काळी घागर होती. तरुण खुदकन हसला. वयस्करांनी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण त्यांनाही कळायचं ते कळलं होतं. मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की खोटं मी बोलले. एक वाक्य. ते सोडून मी वहीत मान घालून पानं उलटत राहिले.

महिन्याभराने कार्ड आलं. या वेळी ते मी वाचून दाखवलं. 'काही शंकांमुळे आपल्या सर्वच नोंदी तूर्त बाजूला ठेवत आहोत.' वीस वर्षं एका वाक्यात गेली. आप्पांनी कार्ड मागून घेतलं, बोटांनी चाचपलं आणि खिशात ठेवलं. त्यांनी मला थोबाडलं असतं तर मी जन्मभर त्यांची ऋणी राहिले असते.

त्यानंतर मोजणी बंद झाली. पुढच्या थंडीत मीच हट्ट करून त्यांना बांधावर नेलं. सवयीने वही पिशवीत टाकली. ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं, आणि पलीकडच्या चिखलात ते बसले होते. पांढरी डोकी, मागे दोन-दोन काळे पट्टे. मी तीनदा मोजले.

"आप्पा, पट्टकादंब आलेत. खरंच आलेत."

आप्पा हसले. "व्हय काय? आणि झोपलेत?"

म्हणजे त्यांना सगळं कळलेलं होतं. मला उभं राहवेना. मी बांधावरून धावत सुटले, ओरडले, टाळ्या पिटल्या, ढेकळं भिरकावली. थवा उठला. आँग आँग करत आमच्या डोक्यावरून गेला, इतक्या खालून की पंखांची सळसळ ऐकू आली. आप्पांनी मान वर केली आणि आवाज विरेपर्यंत ती खाली आणली नाही.

मी धापा टाकत परत आले.

"किती?" त्यांनी हळू विचारलं.

"अकरा."

मी वही उघडून पेन काढलं. त्यांनी चाचपडत पानावर तळहात ठेवला.

"नको लिहू. तिथं सात लिहिलेत. आता अकरा कोण मानंल?"

मी तलावाकडे वळून पाहिलं. दाखवायलासुद्धा एक हंस मी तिथे ठेवला नव्हता.