कॉम्प्युटरची वेगळी चूल

मापकाकूंच्या दुकानात आरसा आहे, पण तो जमिनीलगत लावलेला. समोर उभं राहिलं की स्वतःचा गुडघ्याखालचा भाग तेवढा दिसतो. "तोंड बघायला घरी आरसे आहेत," असं त्या नव्या गिऱ्हाइकाला सांगतात आणि पुढच्याच वाक्यात मोजे काढायला लावतात.

बाजारात ज्यांना बुटांचा धड जोड मिळत नाही त्यांचं हे दुकान. सपाट तळव्यांचे, आखूड पायांचे, ऑपरेशन झालेल्या घोट्यांचे, बोटं बधिर झालेले, सगळे इथे येतात. काचेच्या पाटावर उभं राहायचं. खालून दिवा सरकत जातो, तळव्याचा उंचसखल नकाशा कॉम्प्युटरवर उमटतो आणि शेजारचं कोरायचं यंत्र कडक फोमच्या ठोकळ्यातून त्याच चढउतारांची गादी कोरून काढतं. ती गादी बुटात बसली की हेलकावे खात आलेला माणूस सरळ चालत घरी जातो. बाकीचं काम हातानं. कातडं, अस्तर, टाका, सगळं.

त्या दिवशी पाटावर टपालवाला उभा होता. जन्मापासून डावा पाय आखूड आणि नोकरी अशी की दिवसभर पायच चालवायचे. दिवा सरकला, नकाशा उमटला, आणि पडद्यावरच्या त्याच्या टाचेवर एक पाटी येऊन बसली. पुढच्या महिन्यापासून या सिस्टिमला कंपनीचा सपोर्ट मिळणार नाही, सुरक्षेची दुरुस्ती मिळणार नाही, नवीन सिस्टिम घ्या.

"काय म्हणतोय, काकू?"

"म्हणतोय म्हातारा झालो."

"मग माझा पाय?"

"तुझा पाय आहे तिथेच आहे. हलू नकोस."

काकूंनी पाटी बंद केली आणि गादी कोरायला लावली. काम झालं. मग अडलं कुठे? कंपनीनं तोंड फिरवलं म्हणून चालतं यंत्र आडवं पडत नाही, हे त्यांचं मत. रात्री जेवताना त्यांनी गंमत म्हणून ती पाटी सगळ्यांना सांगितली, आणि तिथे चूक झाली. मुलगा अशा संधीची वाटच बघत होता.

"आई, कॉम्प्युटरसुद्धा निवृत्त झाला. तू कधी होणार?"

मुलगा वाईट नाही. विमा कंपनीत आहे, त्यामुळे जिथे तिथे त्याला अपघातच दिसतो. काकूंचे गुडघे दुखतात, उन्हाळ्यात त्या दुकानाच्या पायरीवरून घसरल्या होत्या, आणि मोबाइल विकणाऱ्या एका माणसानं तो गाळा भाड्यानं मागितला होता. पहिल्या तारखेला त्याला उत्तर हवं होतं. काकूंनी इतके दिवस ते बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं. आता मुलाच्या हातात कारण आलं.

"नवीन यंत्र या वयात शिकणार आहेस का? जुनं चालणार नाही. मग?"

"जुनं चालणार नाही असं कोण म्हणतं?"

"कंपनी म्हणते."

"कंपनीला माझा पत्ता तरी माहितीये का?"

आता इथे एक सांगायला हवं. नवं दिसलं की नाक मुरडणारी बाई ती नव्हे. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन त्या या घरात आल्या तेव्हा सासरे लाकडी साच्यांवर बूट करायचे. नवरा बस चालवायचा, त्याला चामड्याचा वास सहन होत नसे. सुनेनं मात्र कॉलेजात बेडकाचा पाय उलगडून पाहिला होता, तिला माणसाचा पाय पाहायची हौस लागली. पुढे काचेचा पाट घ्यायचं ठरलं तेव्हा धंद्यातले सगळे त्यांना हसले. "काकू आता पायाचे फोटो काढणार," असं म्हणणाऱ्यांची दुकानं आज तिथे नाहीत. तेव्हा प्रश्न वयाचा नव्हता.

आठवडाभर काकू निश्चिंत होत्या. मग समोरच्या दातांच्या दवाखान्यात गडबड झाली. तिथेही हीच जुनी सिस्टिम, असाच एक कॉम्प्युटर. सकाळी उघडला तर पडद्यावर खंडणीची धमकी, आणि आतलं काहीच उघडेना. कुणाला कधी बोलावलंय, कुणाचा कोणता दात, सगळं कुलपात. पेशंट गाल धरून फुटपाथवर उभे, आणि दाराशी बसणारी मुलगी आठवेल त्याला फोन लावतेय. काकू पायरीवर उभ्या राहून हे बघत होत्या. हातातली सुई तशीच राहिली.

त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये गावभरचे पाय होते. गावभरचेच कशाला, कित्येक गिऱ्हाइकं आता दुसऱ्या शहरांत राहतात. फोन करून म्हणतात, काकू, एक जोड पाठवून द्या. पाय इथे आहे म्हणून तर पाठवता येतो. ते पाय गेले तर दुकान ठेवायचं कशाला? मुलगा म्हणतो तेच खरं होईल, आणि तेसुद्धा एका चोरामुळे.

त्याच संध्याकाळी त्या सुनेकडे गेल्या. सून कॉलेजच्या लायब्ररीत कॉम्प्युटर सांभाळते आणि उगाच धीर देत नाही.

"आई, कुलपात खोट असतेच. कंपनी आजवर खोट सापडली की घरी येऊन कुलूप नीट करून जायची. पुढच्या महिन्यापासून येणार नाही. चोर मात्र येत राहणार."

"मग नवीन कुलूप घाल."

रविवारी सुनेनं तसंही करून पाहिलं. आधी सगळ्या पायांची प्रत काढून ठेवली, मग नवीन सिस्टिम चढवली. कॉम्प्युटर झकास चालला. पण काचेच्या पाटाला तो ओळखच दाखवेना. सोयरीक मोडल्यासारखे दोघे शेजारी शेजारी बसून राहिले. पाट करणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, मध्यस्थी करणार कोण? सुनेनं निमूट जुनी सिस्टिम परत घातली.

मग नव्या पाटाचा एजंट आला. टाय लावलेला, गोड बोलणारा. पाट सुरेख होता, ते काकूंनी कबूल केलं. जुने नकाशे त्यात वाचता येत नव्हते, सगळ्यांना परत बोलवा म्हणाला.

"आणि मॅडम, तुमचा सगळा डेटा आमच्याकडे सुरक्षित राहील."

"तुमच्याकडे म्हणजे?"

"कंपनीकडे. तुम्ही फक्त दर वर्षी करार वाढवायचा."

"आणि मी तुमच्याशी भांडले तर?"

एजंटनं कागद चाळले. "तर करार संपतो."

"म्हणजे पाय तुमच्याकडे आणि माणसं माझ्याकडे. चहा घेऊन जा."

मुलगा हे दारातून ऐकत होता. "झालं? आता तरी पटलं?" त्याच्या आवाजात विजय नव्हता, काळजीच होती. काकूंना तेच जास्त झोंबलं. भांडणाऱ्याशी भांडता येतं, काळजी करणाऱ्याशी काय करायचं?

सून टेबलाशी बसून होती. तिनं विचारलं, "आई, या कॉम्प्युटरवर तुम्ही काय काय करता?"

"पाय."

"आणि?"

आणि मग सगळं बाहेर यायला लागलं. डॉक्टरांच्या मेल इथेच येतात, कुणाची टाच किती उचलायची ते त्यात असतं. बिलं इथेच. दुपारी धाकटी जाऊ येऊन मालिका बघते, कारण हा पडदा मोठा. नातवाचे खेळ. बँक. आणि टाके घालता घालता रोज संध्याकाळी काकूंच्या परदेशातल्या बहिणीशी समोरासमोर गप्पा. चांगला कॉम्प्युटर घरात एकच, म्हणून जो तो तिथेच.

"चोर पाटावरून येत नाही, आई. या बाकीच्या दारांतून येतो."

काकूंनी मनात मोजलं. एका चुलीवर किती भांडी चढवली होती आपण.

आणि चूल म्हटल्यावर त्यांना सासरे आठवले. दोन्ही सुना या घरात आल्या तेव्हा स्वयंपाकघर एक होतं. पहिली दोन वर्षं दोघी मिठाच्या बरणीवरून बोलायच्या बंद व्हायच्या. कुणीही वाईट नव्हतं, पण एक चूल आणि दोघींचे हात. एक दिवस सासऱ्यांनी चूल वेगळी करून दिली आणि मधे भिंत घातली. स्वतः विटा लावल्या. फक्त भिंतीत, छातीच्या उंचीला, एक झरोका ठेवला. "बोलणं बंद नको, भांडं मागायला लागतंच," म्हणाले. त्या दिवसापासून दोघी जावांचं असं जमलं की सख्ख्या बहिणींनी हेवा करावा. भिंतीच्या अलीकडे काकूंचं दुकान वाढलं, पलीकडे जावेचं घर.

"वायर काढ," काकू सुनेला म्हणाल्या.

"कसली?"

"बाहेरची. इंटरनेटची. या म्हाताऱ्यानं पाय सांभाळायचे, बाकी कुणाशी बोलायचं नाही. बाकीचं सगळं दुसऱ्या कॉम्प्युटरवर, नवीन सिस्टिम घालून, भिंतीपलीकडे. चूल वेगळी करायची."

सुनेनं त्यांच्याकडे नीट बघितलं. हा उपाय तिच्याही मनात होता, पण सासूबाई संध्याकाळच्या गप्पा सोडतील असं तिला वाटलं नव्हतं. "चालेल. पण मग अर्धवट नाही चालणार. पेनड्राइव्हसुद्धा नाही."

"तो का नाही? एवढासा तर असतो."

"तो म्हणजे कुणाच्याही घरून आलेला डबा. आत काय आहे ते उघडल्यावरच कळतं. डॉक्टरांची मेल आली की तिकडे छापायची आणि इकडे तुम्ही हातानं टाइप करायची."

"माझं टाइपिंग माहितीये तुला."

"माहितीये. हळू करा."

मग सुनेनं पुढचंही सांगून टाकलं. कॉलेजनं मोडीत काढलेल्या ढिगात याच जातीचा एक कॉम्प्युटर आहे, तो सुट्या भागांसाठी आणून ठेवू. पायांच्या प्रती दोन कोऱ्या डिस्कवर, एक इथे, एक पलीकडे, आणि त्या डिस्कला दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरचा वारा लागू द्यायचा नाही. "आणि हे कायमचं नाही, आई. पाटाचा दिवा एक दिवस जाईलच."

"गेला की मी ठरवीन काय करायचं. तो दिवस मला कंपनीनं नेमून द्यायचा नाही." मग मुलाकडे वळून, "आणि तूसुद्धा नाही."

मुलानं दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "आणि पायरी?"

"पायरीचं बरोबर आहे तुझं. तिथे कठडा लावून दे."

झरोक्यातून जावेला हाक गेली. धाकटी जाऊ अंगानं लहान, आवाजानं मोठी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे जाऊबाई, तुमचा केर आमच्या घरात."

"नवा कॉम्प्युटर तुझ्या घरात. जुना मी ठेवतेय."

"या घरात मला आयुष्यात पहिल्यांदा नवं मिळतंय. थांबा, जागा करते." आणि पलीकडून टेबल ओढल्याचा आवाज आला, विचार बदलायच्या आत.

पहिल्या तारखेला मोबाइलवाला आला. मुलगाच पुढे झाला. गाळा रिकामा होत नाही, म्हणाला. एवढं एकच वाक्य. मग सुट्टी होती म्हणून पायरीशी बसून कठड्याची भोकं पाडत राहिला, वाकडी पाडली, परत पाडली.

वायर काकूंनी स्वतः काढली. बोटाएवढी खाच मागे उघडी राहिली, तिच्यावर त्यांनी चामड्याचा तुकडा चिकटवला, कुणी उत्साहानं काही खुपसू नये म्हणून. वाईट एका गोष्टीचं वाटलं. संध्याकाळच्या गप्पांना आता जावेच्या स्वयंपाकघरात जावं लागतं. तिथे हातात टाका नसतो, आणि बहिणीशी बोलताना प्रत्येक वाक्याला जाऊ मागून पुरवणी जोडते. बहिणीला ते आवडायला लागलंय ही आणखी वेगळी तक्रार.

पुढे टपालवाला परत आला. डॉक्टरांनी त्याची टाच थोडी आणखी उचलायला सांगितली होती. झरोक्यातून कागद आला, मागोमाग आवाज.

"नीट बघून टाइप करा. मागच्या वेळी बाईंची टाच बुवांना लावत होतात."

"लावली नाही, लावत होते. दोन्हीत फरक आहे."

"फरक मी ओरडले म्हणून पडला."

काकूंनी चष्मा पुसला, एका बोटानं आकडे टिपले, कागदाशी पुन्हा ताडून पाहिले. यंत्र घरघरायला लागलं, फोमची भुकटी उडाली. टपालवाला पडद्याकडे मान वाकडी करून बघत होता. पाटी कुठे दिसत नव्हती.

"काकू, या म्हाताऱ्याचं काय ठरलं मग?"

"ठरायचंय काय? बाहेरच्यांशी बोलणं बंद केलंय त्यानं. तब्येत सुधारली."

गादी बुटात बसवून त्यांनी बूट त्याच्यापुढे ठेवला. तो नाडी बांधून उभा राहिला, आरशापर्यंत गेला आणि तिथूनच वळून आला.

"आता दारापर्यंत जा," काकू म्हणाल्या. "आणि कठड्याला धरू नकोस. तो माझ्यासाठी आहे."