ताईचा अंगठा

अंबडला तहसील कचेरीसमोर टेबल टाकून मी लोकांचे अर्ज लिहून देतो. गरिबाचा हक्क माझ्या पेनातून साहेबापर्यंत जातो, असं मी चारचौघांत ऐटीत सांगायचो. हल्ली सांगत नाही.

आमच्या घराण्यात पहिली दहावी झाली ती माझी थोरली बहीण. वडील जन्मभर कागदावर अंगठा उठवत आले. तिचा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी वस्तीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला एकच सांगत सुटले, ‘‘आमच्या घरात आता अंगठा उठणार न्हाई.’’ मला पाटीवर अक्षरं गिरवायला ताईनंच शिकवलं. आज लोक माझ्या अक्षराचं कौतुक करतात, पण ते वळण तिचं आहे.

लग्न मोडून ती माहेरी आली आणि पुढं तिला कुणी नसताना आवाज ऐकू यायला लागले. गोळ्या चालू असल्या की चांगली असायची. घर सांभाळायची, पेपर वाचायची, माझ्या चुका काढायची. दोन वर्षांपूर्वी तिनं गोळ्या सोडल्या आणि चार दिवस अन्नाला शिवली नाही. मग मी तिला जालन्याला मनाच्या आजारांच्या एका खासगी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, ‘‘यांना सगळं समजतंय. भरतीचा फॉर्म आधी त्यांना वाचू द्या, मग सही घ्या. नको म्हणाल्या तर मला बोलवा.’’ एवढं सांगून तो वॉर्डात गेला.

ताई काउंटरवर फॉर्म ठेवून ओळीखाली बोट धरून वाचू लागली. माझ्या मागं माणसं खोळंबली होती. बाहेर मला एसटी स्टँडवर सोडणारा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

‘‘ह्यात लिव्हलंय, आपल्या वतीनं बोलणारं माणूस आपणच निवडायचं,’’ ती म्हणाली.

‘‘मीच की. दुसरं कोण हाय?’’

‘‘तूच असशील. पण मला इचार करू दे. आन् किती दिवस ठेवणार, ते कुठं लिव्हलंय?’’

‘‘जल्दी कर ताई, गाडी जाईल.’’

ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. माझं डोकं फिरलं. पिशवीत शाईचा पॅड होताच, धंद्याचा. दिवसाला वीस-पंचवीस अंगठे घेणारा माझा हात. मी तिचा अंगठा धरला, पॅडवर फिरवला आणि कागदावर दाबला. तिनं हात ओढून घेतला नाही. शाई लागलेल्या अंगठ्याकडं बघत हळूच म्हणाली, ‘‘मला सही येते.’’

मी अंगठ्याशेजारी ‘निशाणी अंगठा’ असं लिहिलं. अक्षर सुरेख आलं होतं.

त्यानंतर तिला कुणी काही वाचायला दिलं नाही. औषध बदललं तरी कागद माझ्याकडं यायचा. मला लाज वाटू लागली. पेशंटला विचारल्याशिवाय, त्याला समजावल्याशिवाय उपचार करू नयेत, असा कायदा आहे. मी तो वाचून काढला आणि स्वतःच अर्ज लिहिला, की माझी बहीण शिकलेली आहे, तो अंगठा मी घेतला, तिची सही नव्यानं घ्यावी. आयुष्यात इतका मनापासून अर्ज मी लिहिला नव्हता. काउंटरवरच्या मुलीनं तो फायलीला लावला. म्हणाली, ‘‘काका, कॉम्प्युटरला निरक्षर लागलंय. आता काय फरक पडतो?’’ भला डॉक्टर तोवर नोकरी सोडून गेला होता. दुसऱ्याचा अर्ज असता तर मी भांडलो असतो. इथं भांडायचं कुणाशी, गुन्हेगार तर मीच होतो.

महिन्यानं तिला सोडलं. अंगानं भरली होती, शांत होती. सिस्टरनं कागद आणला आणि फाईल बघून सोबत शाईचा पॅडही आणला.

‘‘यांना लिहिता येतं,’’ मी म्हणालो. आवाज जरा चढलाच. खिशातलं पेन काढून मी ताईच्या हातात दिलं. कागद तिच्यापुढं सरकवला. ‘‘वाच, ताई. सावकाश वाच. मंग सही कर.’’

तिनं कागदाकडं पाहिलंच नाही. पेनाला टोपण लावलं, माझ्या खिशाला अडकवलं आणि अंगठा सिस्टरपुढं धरला.

‘‘जल्दी कर,’’ मला म्हणाली, ‘‘गाडी जाईल.’’

टोमणा असता तर मी सोसला असता. पण तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच माझी गाडी चुकेल असं वाटत होतं.