टीव्हीमागचा नारळ

सप्टेंबर ते जानेवारी, दर रविवारी आमच्या घरात सुतक असतं.

कोणी गेलेलं नसतं. आमची फुटबॉल टीम हरलेली असते. (हा अमेरिकन फुटबॉल. यात बॉल हातात घट्ट धरून पळायचं असतं. आमच्या टीमला पळता येतं.) टीमचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की माणसं आधी हसतात, मग खांद्यावर हात ठेवतात, आणि मला तो हात जास्त लागतो.

अमेरिकेत पहिली नोकरी ज्या थंडगार गावात लागली, त्या गावाची ही टीम. पुढे नोकरी बदलली, व्हिसा बदलला, ॲरिझोनात चँडलरला घर घेतलं, डोक्यावरचे केस गेले. टीम तीच राहिली. मेधा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "एवढी निष्ठा माझ्यावर दाखवली असतीस ना मिलिंद!" आणि हे ती नेमकं मॅच चालू असतानाच म्हणते.

आता माझ्या स्वभावाबद्दल. मी चिप टेस्टिंगमध्ये आहे. दिसायला धडधाकट असलेल्या वस्तूवर संशय घ्यायचा मला पगार मिळतो, आणि ते काम मी घरीही आणतो. टीम हरायला लागली तेव्हा मी पहिला संशय रेफरीवर घेतला. मग कोचवर. मग नव्या सोफ्यावर (जुना गराजमधून परत आणला, पाठ धरली, मॅच गेली). मग आमच्या मुलीवर, कारण रेवा सोळा वर्षांची आहे आणि नेमक्या वाईट क्षणी खोलीत येऊन "आर दे स्टिल लूझिंग?" असं विचारते. सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त संशय घेतला तो शेजारच्या देशमुखांवर.

देशमुख नागपूरचा. तो इथल्या लोकल टीमचा भक्त, आणि त्या टीमचा रंग लाल. दर सोमवारी सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवताना तो मला गाठणारच.

"काय मिलिंदभाऊ, काल पण हारले ना बे?"

"शेवटच्या मिनिटाला."

"मंग त्याच्या आधीची मिनिटं काहून खेळतात म्हणतो मी!"

गेल्या सीझनला तर कहर झाला. ऑक्टोबर उजाडला तरी एक विजय नाही! एका रविवारी मी उशी फेकली, ती मेधाच्या आमटीच्या वाटीत पडली. मेधाने शांतपणे टीव्ही म्यूट केला. तिचं शांत होणं फार वाईट असतं.

"ऐक. या सीझनला त्यांनी एक तरी मॅच जिंकून दाखवली तर ठीक. नाही जिंकली, तर पुढच्या वर्षीपासून रविवारी हा टीव्ही बंद. तू माझ्याबरोबर रविवारच्या मराठी शाळेत यायचं आणि इथे जन्मलेल्या मुलांना बाराखडी शिकवायची. कबूल?"

"एकच ना? एक तर कोणीही जिंकतं!" मी म्हणालो.

"आय ॲम अ विटनेस," रेवा म्हणाली आणि तिने ते फोनवर रेकॉर्डही करून टाकलं.

म्हणजे एका विजयावर माझे आयुष्यभराचे रविवार टांगलेले. त्यात सासूबाई मिरजेहून सहा महिन्यांसाठी येऊन राहिलेल्या. आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी डोकं धरून "संपलं! सगळं संपलं!" असं ओरडलो, तर त्या आतून पदर सावरत धावत आल्या.

"काय झालं मिलिंदराव? कोण गेलं?"

"आई, कोणी नाही. मॅच गेली."

त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मेधाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कधीपासून आहे हे?"

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण तो बाराखडीचा करार झाल्यावर सासूबाई बदलल्या. आधी त्यांनी चहा सोडला. हे ऐकायला साधं वाटतं, पण आमच्या सासूबाई विमानात हवाईसुंदरीला "आलं आहे का गं?" असं विचारून आलेल्या बाई! त्या सकाळी मेधाने कप पुढे केला, तर म्हणाल्या, "नको. आता इच्छा होत नाही." आणि असं म्हणताना त्या माझ्या कपाकडे बघत होत्या. मी लगेच मनात नोंद केली. घरचा चहा नको म्हणजे बाहेर कुठेतरी मिळतोय!

बाहेर म्हणजे कुठे? देशमुखाकडे! तो वर्क फ्रॉम होमवाला, म्हणून दर मंगळवारी सासूबाईंना गाडीतून गणपतीच्या मंदिरात नेऊन आणायचा. एकदा दोघं ड्राइव्हवेवर उभे राहून कुजबुजत होते. मी गराजचं दार अर्धं उघडून, खाली वाकून ऐकलं. (त्रेपन्नाव्या वर्षी असं वाकू नये. उठायला रेवाला बोलवावं लागलं.)

"काकू, शेवटची मॅच आमच्याच टीमशी आहे. तोवर तं सुटताच तुम्ही."

"सुटेन रे बाबा एकदाची! फार जड जातंय."

सख्खी सासू, आणि शत्रूच्या गाडीत!

नोव्हेंबरात पुरावा सापडला. टीव्हीची वायर हलली म्हणून मागे हात घातला, तर हाताला गाठोडं लागलं. काढून बघतो तर नारळ! आणि नारळ कशात बांधलेला? लाल कापडात. कोणत्याही मराठी माणसाला लाल कापडातला नारळ बघून देव आठवला असता. मला देशमुखाची टीम आठवली.

"माझ्या टीव्हीवर करणी केलीय!" मी मेधाला म्हणालो.

"कोणी?"

"तुझ्या आईने!"

"मिलिंद, तू इंजिनिअर आहेस ना?"

"म्हणूनच सांगतोय. नारळ बसवल्यापासून आपण किती हरलो बघ!"

"आणि त्याच्या आधी?"

यावर मी विषय बदलला. पण नारळ तिथे ठेवायचा नाही हे पक्कं होतं. मी तो गुपचूप सोडवून फ्रिजमध्ये मागे सरकवला आणि कापड ड्रायरमध्ये टाकलं. शनिवारी सकाळी पानात इडल्या आणि पांढरीशुभ्र चटणी. मी चटणी तीनदा घेतली. चौथ्यांदा घेताना सासूबाई दिवाणखान्यातून आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मेधा, ही चटणी कसली गं?"

"नारळाची. फ्रिजमध्ये एक सापडला."

सासूबाईंनी माझ्या ताटाकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि काहीतरी पुटपुटत कानाला हात लावला. त्या दिवशी त्या जेवल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी आमची टीम अशी हरली की कॉमेंट्री करणारे शेवटी जेवणाबद्दल बोलायला लागले. मंगळवारी देशमुखाच्या गाडीतून नवा नारळ आला. या वेळी तो टीव्हीच्या वर, माझा हात पोचणार नाही अशा फळीवर बसला. मी स्टूल कुठे आहे ते बघून ठेवलं.

बघता बघता सीझन संपत आला. सगळ्या मॅच हरून झाल्या आणि एकच उरली, देशमुखाच्या लाल टीमशी. मेधाने मराठी शाळेतून बाराखडीचा तक्ता आणून फ्रिजवर लावून ठेवला. येताजाता 'क, का, कि, की' दिसायचं.

शेवटच्या रविवारी मी टेस्टिंगवाल्याचा डाव टाकला. संशयित वस्तू नजरेसमोर ठेवायची! मी सासूबाईंना म्हणालो, "आई, आज तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. मॅच संपेपर्यंत हलायचं नाही."

"मी तेच म्हणणार होते," त्या म्हणाल्या. माझा संशय आणखी वाढला.

देशमुखही लाल जर्सी घालून, चिवड्याचा डबा घेऊन आला. त्याला नको म्हणता येईना, कारण चिवडा त्याच्या आईने पाठवलेला होता. मॅच सुरू झाली. मी अर्धी मॅच टीव्हीवर पाहिली आणि अर्धी सासूबाईंच्या तोंडावर. त्यांचे ओठ सारखे हलत होते. आमच्या माणसाने बॉल पकडला की ओठ थांबायचे, सोडला की जोरात सुरू. मी मान इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत होतो.

"डॅड, व्हाय आर यू स्टेअरिंग ॲट आजी?" रेवाने विचारलं.

"तू गप्प बस. मॅच बघ."

आणि काय सांगू, आमची टीम टिकली! शेवटचे तीन सेकंद उरले तेव्हा आम्ही फक्त दोन पॉइंट मागे होतो. आता आमच्या किकरने बॉल लाथाडून दोन खांबांमधून घालवायचा, की तीन पॉइंट आणि विजय. हा किकर सबंध सीझनभर खांबांच्या डावीकडे मारत होता. बदल म्हणून कधी उजवीकडे. माझे आयुष्यभराचे रविवार त्याच्या बुटात!

तो दोन पावलं मागे गेला. त्याच क्षणी सासूबाईंनी पदराखाली मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं मला दिसलं.

"आई, हातात काय आहे? दाखवा!" मी त्यांच्याकडे वळलो.

"अहो, तिकडे बघा!"

"आधी हात दाखवा!"

"गेला! गेला! मधून गेला!" सासूबाई सोफ्यावरून ताडकन उठल्या. रेवा किंचाळली. मेधाने सुद्धा टाळ्या वाजवल्या. देशमुख चिवड्यावर बसला. आणि वर्षातला एकमेव विजयाचा क्षण मी पाहिला नाही. मी सासूबाईंची मूठ उघडत होतो. मुठीत सुपारी होती.

"मेधा!" सासूबाई ओरडल्या, "आलं घालून चहा टाक! दोन कप! दोन्ही मलाच!"

तेव्हा सगळं उलगडलं. माझे हाल बघवेनात म्हणून त्यांनी गणपतीला नवस बोलला होता: जावयाची टीम जिंकेपर्यंत चहा घेणार नाही. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत! नारळ नवसाचा होता (आणि मी त्याची चटणी तीनदा घेतली होती). देशमुख त्यांना फक्त कोणती मॅच कधी ते सांगत होता. आज त्याची स्वतःची टीम हरली, तरी तो काकूंचा चहा सुटला म्हणून खूश होता. मला इतकी लाज वाटली की मी तिथल्या तिथे सासूबाईंच्या पाया पडलो. डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

"आई, मी तुमच्यावर नाही नाही तो संशय घेतला."

"असू दे हो. आता नवस फेडला की झालं."

"मी फेडतो! सांगा, काय बोलला होतात?"

सासूबाईंनी शांतपणे चहा बशीत ओतला. "म्हटलं, गणराया, यांच्या टीमला एकदा जिंकव. मग मिलिंदराव हा खेळ जन्मात पुन्हा बघणार नाहीत."

आणि त्यांनी एक लांब फुरका मारला.

"आई! मला दारूचं व्यसन आहे का? जुगाराचं आहे का?"

"माझ्या धाकट्या भावाचा जुगार अस्साच सुटला. आणि तो सुद्धा दर रविवारी रडायचा."

मी मेधाकडे पाहिलं. तिने फ्रिजवरचा बाराखडीचा तक्ता काढला, नीट गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "आजी, यू आर अ लेजंड," रेवा म्हणाली. हरलो असतो तर रविवार गेले असते, आणि जिंकलो म्हणूनही गेले! देवाच्या कारभारावर मी संशय घेत नाही, पण मायलेकींचं आधी काही ठरलं होतं का, हा विचार अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मार्चमध्ये सासूबाई मिरजेला परतल्या. या सीझनला मी दर रविवारी मराठी शाळेत असतो. मेधाने माझ्या फोनवरचे स्पोर्ट्सचे सगळे ॲप काढून टाकले. पण नवस बघायचा नाही असा होता, ऐकायचा नाही असा नव्हता, ही पळवाट खुद्द सासूबाईंनीच काढून दिली. रेवाने त्यांच्या टॅबलेटवर मॅच दिसायची सोय केली आहे. मॅच संपली की मिरजेहून फोन येतो. मी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये, गाडीत बसून ऐकतो.

"आपला तो जाडा आहे ना, तो त्यांच्या अंगावर पडला. चांगला पडला हो!"

"मग? शेवटी काय झालं आई?"

"काय होणार? जिंकलो!"

सासूबाईंच्या फोनप्रमाणे आमची टीम या सीझनला अजून एकही मॅच हरलेली नाही. मी आता रात्री शांत झोपतो, उशी उशीच्या जागी असते. परवा सोमवारी कचऱ्याचा डबा ठेवताना देशमुख मात्र माझ्याकडे फार दयेने बघत होता. "मिलिंदभाऊ, तुम्हाले कोणी सांगितलं नाही का?" असं म्हणत त्याने खांद्यावर हात ठेवला. मी तो हात झटकला आणि सरळ घरात आलो.

मला त्या माणसाचा पहिल्यापासून संशय आहे!