लेक, अठ्ठावीस किलो

आमच्या गॅरेजात स्प्रिंगा घ्यायला येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, गाडी किती उंच होईल? मला तिथंच तिडीक येते. उंच होऊन करायचंय काय? आधी सांग, गाडीत बसणार कोण आणि सामान किती. कॉइल स्प्रिंग वजनावर निवडतात. तार जाड आणि गाडी रिकामी, तर बसणाऱ्याची हाडं खिळखिळी. तार बारीक आणि गाडी भरलेली, तर पहिल्याच दगडावर पोट टेकते. म्हणून वजनांची यादी हातात आल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही.

वायरमनकाका यादी घेऊनच आले. उभा जन्म विजेच्या खांबांवर चढण्यात गेलेला माणूस. निवृत्त झाल्यावर एक मोडकी जीप घेतली आणि दोन वर्षं एकेक पार्ट जोडत बसले. नवा स्प्रिंगसेट परवडणारा नव्हता, तेव्हा आम्ही दोघांनी भंगारबाजार गाठला. मी टेप लावून लांबी बघत होते, वेढे मोजत होते, गंजलेल्या बाजूला टाकत होते. काका नुसते मागं मागं, आणि तोंडानं लेकीचं पुराण. लेक सातासमुद्रापार. लहानपणी तिला कबूल केलं होतं, वरच्या पठारावर नेईन, तुझा बाप चढतो ते खांब दाखवीन, संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागताना बघू. मग यांची ड्यूटी, मग तिच्या परीक्षा, मग तिचं विमान. राहूनच गेलं. आता येत्या सुट्टीत ती नवऱ्याला आणि मुलीला घेऊन यायची होती, म्हणून ही सगळी धडपड.

बारीक तारेची एक झकास जोडी हाती लागली. यादीशी ताडून बघावं म्हणून मी कागद उघडला. काका सत्तर. हत्यारं तीस. पाणी वीस. लेक अठ्ठावीस.

लेक केवढी आहे, मी विचारलं. चौतीस वर्षांची, म्हणाले. मग अठ्ठावीस किलो कशी? आणि जावई, नात काय गाडीमागून चालत येणार?

काका कागदाकडं बघत राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"शेवटचं उचललं होतं ना तिला," म्हणाले, "तेव्हाचं लिहिलं बघ."

माझ्या जिभेवर एक थट्टा आली होती, ती मी गिळली. पण चिडले मात्र. असल्या हिशोबावर गाडी चढ चढते होय? म्हटलं, फोन लावा आणि खरी वजनं विचारा. तिथंच जुन्या टायरांवर बसून त्यांनी लावला. वजन विचारल्यावर ती खो खो हसली, ते मलाही ऐकू आलं. त्यानंतर बराच वेळ तीच बोलत होती आणि काका नुसतं बरं, बरं म्हणत होते. या वर्षी जमत नव्हतं. पुढच्या वर्षीचंही काही सांगता येत नव्हतं. वजनं तेवढी मिळाली. ती एकसष्ट, जावई ऐंशी, नात अठरा.

तरी कामाचं बोलायलाच हवं होतं. म्हटलं, काका, मग ही बारीक जोडीच घ्या, एकट्या माणसाला हीच बरी, पाठ तरी शाबूत राहील. ते ऐकत होते कुठं? उठून जाड तारेच्या ढिगाकडं गेले होते. मी परोपरीनं समजावलं. ती येईल तेव्हा जाड बसवून देईन, अर्ध्या दिवसाचं तर काम, मजुरीही नको.

"ती आल्यावर अर्धा दिवस गॅरेजात घालवायचा?" काका म्हणाले. "चार दिवसांसाठी येते गं ती."

जाड जोडीच बसवली.

आता काका एकटेच गाडी काढतात. खड्ड्यात ती अशी आपटते की बघणाऱ्याची कंबर दुखावी. बाजारात जातात, नदीपर्यंत जातात, पठाराच्या पायथ्याशीही जाऊन येतात. वर मात्र अजून एकदाही गेलेले नाहीत.